निरंक

मी पीत नाही. रुझारच्या बारचं रजिस्टर लिहितो :
आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, फूट,
मिलिलिटरपर्यंत.
एक्साइजचे साहेब महिन्यातून एकदा येतात,
खाडाखोड तेवढी बघतात.

वेंगुर्ल्यात बंदर रोडला, जाळी शिवणाऱ्यांच्या पडवीपलीकडे
सहा टेबलं, कडाप्प्याचा काउंटर,
भिंतीवर खुरीस आणि एक जुनं कॅलेंडर
सप्टेंबरवर थांबलेलं. त्या पानाचं चित्र रुझारला आवडतं.

रुझार अकरा वर्षं जहाजावर होता, इटलीच्या.
तिथे म्हणे एका ग्लासात सात रंग उभे करायचे
एकावर एक, न मिसळता.
इथे लोक क्वार्टर मागतात, सोडा, उकडलेलं अंडं.
तो देतो. कुरकुरत नाही.
फक्त ग्लास पुसताना उजेडाकडे धरून बघतो,
गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

कधी कुणी उशिरा येतो आणि
काय हवं ते त्याला सांगता येत नाही.
सोनुर्लेकर मास्तर आले होते तसे,
बाई गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.
रुझारनं दालचिनीचं वाळकं पान पेटवलं,
ग्लास पालथा घालून धूर आत कोंडला,
मग रम, मग जरासा काकवीचा थेंब.
मास्तरांनी आधी नुसता वास घेतला. खूप वेळ.
मी लिहिलं : रम, साठ मिली.
धुराला रकाना नाही.

बाबल गिरप रोज पाचला यायचा,
खांद्यावर गोणपाट, गोणपाटात बर्फाची लादी,
पाठीवरून पाणी ठिबकत.
उंबऱ्यापासून काउंटरपर्यंत ओली रेघ,
सव्वीस वर्षं.
आत कधी बसला नाही. "वेतोबाक शब्द दिललो आसा,"
एवढंच सांगायचा, तेही वळता वळता.

त्या शुक्रवारी लादी उतरवून तो गेला नाही.
बर्फाचा कारखाना उद्यापासून बंद.
मोठ्या बोटींना आता ट्रकनं नळीचा बर्फ येतो,
रात्रीतून, थेट धक्क्यावर.
गोणपाट झटकत उभा राहिला, मग म्हणाला,
"रुझार, ह्या बर्फाचा तू करतस तरी काय?"

"बस मरे."

बसला. स्टुलाच्या अगदी कडेवर,
एसटीत दुसऱ्याच्या सीटवर बसावं तसा.

रुझारनं टीव्ही बंद केला.
लादीचा भुसा धुतला, टोच्यानं ती उभी चिरली,
मधला पांढरा, दुधाळ गाभा बाजूला सारला
आणि कडेचा एक तुकडा घेतला, पाण्यासारखा.
सुरीनं कोपरे उतरवत राहिला.
दोन गिऱ्हाइकं बिल मागून थकली.
आगळ, आल्याचा रस, मिठाची चिमूट,
लिंबाची साल वरून नुसती मुरडली.
चमचा फिरला तो काचेला न लागता.

ग्लास पुढे आला. लाल, स्थिर.
बाबल वाकून बघतो. "बर्फ खंय?"

"बोट लाव."

त्यानं बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं,
मग पुन्हा बुडवलं, ठेवलं.
हसला की काय, मला दिसलं नाही,
माझ्याकडे त्याची पाठ होती, शर्ट अजून ओला.
दोन्ही हातांनी ग्लास उचलून प्याला,
थांबत थांबत, शेवटपर्यंत.
तोंड पुसून म्हणाला,
"थंड आसा."

सव्वीस वर्षं वाहून आणलेल्या वस्तूबद्दल
एवढंच बोलला. गोणपाट घडी करून
काउंटरवर ठेवलं, म्हणाला, पायपुसणं कर.
आणि गेला, पहिल्यांदाच कोरड्या खांद्यानं.

रात्री मी त्या ग्लासाचा हिशेब मांडायला बसलो.
व्हिस्की नाही, रम नाही, बियर नाही.
शेवटी बारीक अक्षरात लिहिलं : निरंक.
साहेब विचारतील, तर बघू.

रुझार खुर्च्या उलट्या करून पंखा लावायला निघाला,
फरशी सुकावी म्हणून.
मी म्हटलं, राहू दे जरा.